तापलेले मूल, परका देश आणि पहिला निर्णय

पुण्यातून आइंडहोव्हनला, ठाण्यातून म्युनिकला किंवा नाशिकहून लंडनजवळच्या एखाद्या उपनगरात नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी कुटुंबांत तिथल्या वैद्यकीय सेवेबद्दल एक तक्रार कायम ऐकू येते. दीड-दोन वर्षांचे मूल तापाने फणफणलेले असते, पण डॉक्टर बघायलाच तयार नसतात. फोनवर नर्स चार प्रश्न विचारते, पॅरासिटामॉल द्या म्हणते आणि फरक पडला नाही तर पुन्हा फोन करा असे सांगून ठेवून देते. या तक्रारीत तथ्य आहे, पण तिचा रोख चुकीच्या जागी आहे. बहुतेक श्रीमंत देशांनी लहान मुलाच्या आजारपणातला पहिला निर्णय, म्हणजे डॉक्टर आत्ता हवा, सकाळी चालेल की नकोच, हा विचारपूर्वक आईबापांकडे दिलेला आहे. वैद्यकीयदृष्ट्या ते बहुतांशी योग्यच आहे. मात्र हा निर्णय घ्यायला लागणारी माहिती, भाषा आणि घरातल्या अनुभवी माणसांचे पाठबळ प्रत्येकाकडे असणारच, असे या व्यवस्था धरून चालतात. नव्याने आलेल्या कुटुंबाकडे नेमके तेच नसते. परदेशातल्या बालआरोग्य सेवेकडे या दृष्टीने पाहिले की दोष कुठे आहे आणि कुठे नाही, हे बरेच स्पष्ट होते.

आधी या व्यवस्थांची दारे नीट ओळखून घ्यायला हवीत, कारण निम्मा गोंधळ चुकीचे दार ठोठावल्यामुळेच होतो. नेदरलँड्समध्ये बालरोगतज्ज्ञ रुग्णालयात बसतो आणि एरवी त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता हाउसआर्ट्स, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीतून जातो. मुलाचे वजन-उंची बघणारे, लस टोचणारे कॉन्सुल्टाटीबुरो हे केंद्र वेगळे. तिथे डॉक्टर असतात, पण आजारी मुलावर उपचार करणे हे त्यांचे काम नाही. भारतात लस टोचणारा आणि ताप बघणारा डॉक्टर एकच असल्याने नवे आईबाप हमखास तिथेच फोन लावतात. संध्याकाळी पाचनंतर आणि शनिवार-रविवारी हाउसआर्ट्सनपोस्ट चालते, पण तिथेही थेट जाऊन उभे राहायचे नसते. आधी फोन करायचा, प्रश्नांची उत्तरे द्यायची आणि बोलावले तरच जायचे. दवाखान्यात फोन उचलणारी सहायक ही स्वागतिका नसून तातडी ठरवण्याचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती असते. ‘मला डॉक्टरांशीच बोलायचे आहे’ असा आग्रह तिच्यापुढे धरण्यात वेळ जातो, मुलाची अवस्था तिला नेमकी सांगितली की काम पुढे सरकते. इंग्लंडमध्ये जीपी, त्यानंतर १११ हा चोवीस तास चालणारा क्रमांक, मग रुग्णालयाचा तातडीचा विभाग आणि जिवावर बेतलेले असेल तर ९९९, अशी उतरंड आहे. जानेवारी २०२४पासून तिथल्या औषधदुकानातला फार्मासिस्टही एक वर्षावरील मुलाचा कानाचा संसर्ग तपासून गरज असल्यास औषध देऊ शकतो. जर्मनीत चिठ्ठीशिवाय थेट बालरोगतज्ज्ञाकडे जाता येते, पण मोठ्या शहरांत अनेक दवाखान्यांनी नवी मुले घेणेच थांबवलेले असते. त्यामुळे मूल ठणठणीत असतानाच, मुलाच्या तपासण्या नोंदवणाऱ्या पिवळ्या वहीतल्या नियमित भेटींच्या निमित्ताने, डॉक्टर धरून ठेवावा लागतो. रात्री-अपरात्री ११६११७ आणि गंभीर प्रसंगी ११२. जपानमध्ये मुलांच्या रात्रीच्या आजारपणासाठी #८००० हा स्वतंत्र सल्ला क्रमांकच आहे. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञ सहज मिळतो आणि बहुतेक दवाखान्यांना रात्रीची नर्सलाइनही असते, पण तिथे प्रत्येक दारावर विमा कंपनीचे नाव असते. आखातात भारतीय डॉक्टर सर्रास भेटतात, भाषेची अडचण जवळपास नसते. तिथला प्रश्न आपल्या विम्याच्या जाळ्यात कोणता दवाखाना बसतो एवढ्यावर येतो.

आता मूळ आक्षेप. पॅरासिटामॉल देऊन थांबायला सांगणे म्हणजे हयगय आहे का? पुरावा तसे म्हणत नाही. पाळणाघरात जाणाऱ्या लहान मुलाला वर्षाला आठ किंवा त्याहून अधिक वेळा सर्दी-ताप होणे हे सामान्य मानले जाते आणि त्यातले बहुतेक आजार विषाणूंमुळे होऊन आपोआप बरे होतात. कानाच्या संसर्गासारख्या वेदनादायक दुखण्यातही प्रतिजैविक दिले किंवा न दिले तरी सुमारे ६० टक्के मुलांचे दुखणे पहिल्या चोवीस तासांत थांबते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासांतून दिसले आहे. ताप स्वतः मेंदू भाजून काढतो ही समजूतही चुकीची आहे. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बार्टन श्मिट यांनी १९८० साली आईबापांच्या या अवाजवी धास्तीवर लेख लिहून तिला ‘फीवर फोबिया’ म्हटले होते. त्यांनी ज्यांना प्रश्न विचारले ते अमेरिकी पालक होते, तेव्हा ही भीती केवळ आपली नाही. तापातली आकडी पाहणाऱ्याचा थरकाप उडवते, पण सहा महिने ते पाच वर्षे वयातल्या दर शंभर मुलांतल्या दोन ते पाच मुलांना ती कधी ना कधी येते आणि ताप उतरवणारी औषधे तिला रोखू शकत नाहीत. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची पाच वर्षांखालील मुलांच्या तापाबद्दलची मार्गदर्शक तत्त्वे ओल्या फडक्याने अंग पुसत बसू नका असे सांगतात, आणि निव्वळ तापाचा आकडा कमी करण्यासाठी औषध देऊ नका, मूल त्रासलेले असेल तर द्या, असेही सांगतात. कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत रात्र काढलेल्या पिढ्यांना हे पटणे जड आहे, पण ते तर्काला आणि पुराव्याला धरून आहे.

यावर हमखास येणारे उत्तर असे, की आपल्याकडे निदान कोपऱ्यावरचा डॉक्टर त्याच संध्याकाळी मुलाला हात लावून बघतो. हे खरे आहे आणि ते मोलाचे आहे. शहरी मध्यमवर्गाला महाराष्ट्रात बालरोगतज्ज्ञ जितक्या सहजपणे मिळतो तितका पश्चिम युरोपात मिळत नाही. मात्र भेट सहज मिळणे वेगळे आणि त्या भेटीतून काय हाती पडते ते वेगळे. आपल्याकडे अशा भेटीची सांगता पुष्कळदा तीन-चार बाटल्यांनी होते, आणि त्यांत खोकल्या-सर्दीचे मिश्र सिरप जवळपास ठरलेले. अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने २००८ सालीच दोन वर्षांखालील मुलांना दुकानात मिळणारी सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत असे बजावले. भारताच्या केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचे आदेश डिसेंबर २०२३मध्ये दिले. आणि सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात कोल्ड्रिफ या सिरपमधल्या डायएथिलीन ग्लायकॉलमुळे मूत्रपिंडे निकामी होऊन लहान मुले दगावली. त्याआधी २०२२ साली गांबियात सत्तरच्या आसपास मुलांच्या मृत्यूंशी भारतातून गेलेल्या सिरपांचा संबंध जोडला गेला होता. साध्या सर्दीला औषधच नको असते, हे आईबापांनी आणि डॉक्टरांनी आधी मान्य केले असते तर यातल्या कित्येक घरांत ती बाटली आलीच नसती. डच सहायक जेव्हा खोकल्याचे औषध द्यायला नकार देते तेव्हा ती काही हिसकावून घेत नसते. नेदरलँड्स हा युरोपात सर्वांत कमी प्रतिजैविके वापरणाऱ्या देशांपैकी एक आहे आणि तिथली मुले त्यापायी मरत नाहीत.

इथवर व्यवस्थेची बाजू भक्कम आहे. ती लंगडी पडते ती पुढच्या पायरीवर. ‘घरी थांबा’ या सल्ल्याला ‘अमुक दिसले तर लगेच या’ ही जोड असते आणि सल्ल्याचा सगळा भरवसा त्या जोडवाक्यावर असतो. ते अमुक म्हणजे काय, हे आईबापांना दिसले पाहिजे, त्याचा अर्थ कळला पाहिजे आणि ते सांगता आले पाहिजे. रात्री अकराला आई फोन करते आणि पहिले वाक्य बोलते, ‘१०२ ताप आहे.’ पलीकडची नर्स सेल्सिअसमध्ये विचार करते, म्हणून आधी ते ३८.९ आहे इथवर यायला अर्धा मिनिट जातो. मग ती आकड्याकडे फारसे लक्षच देत नाही. सकाळपासून किती डायपर ओले झाले? पाणी-दूध तोंडाला लावते का? उचलून घेतल्यावर डोळ्यात डोळे घालून बघते का? श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का? अंगावर पुरळ आहे का, आणि त्यावर काचेचा पेला दाबल्यावर ते फिके पडते का? हातपाय गार आहेत का? आईला आकडा तोंडपाठ असतो आणि उरलेल्या बहुतेक प्रश्नांना ती ‘बघते’ म्हणते. नाइसच्या मार्गदर्शनात सहा महिन्यांपुढच्या मुलाचा आजार किती गंभीर आहे, हे केवळ तापाच्या उंचीवरून ठरवू नका असे स्पष्ट म्हटले आहे. रंग, हालचाल, श्वास आणि शरीरातले पाणी यांवरून मुलाला हिरव्या, पिवळ्या किंवा लाल गटात टाकले जाते. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश ताप असेल तर ते सरळ लाल गटात जाते, आणि ताप पाच दिवस टिकला तर मूल पिवळ्या गटात येते. इंग्लंडमध्ये वाढलेल्या आईने यातले बरेचसे घरी येणाऱ्या हेल्थ व्हिजिटर नर्सकडून, पाळणाघरातल्या भित्तिपत्रकातून, स्वतःच्या आईकडून ऐकलेले असते. सहा महिन्यांपूर्वी आलेल्या आईपर्यंत त्यातले काही पोहोचलेले नसते, कारण पोहोचवणे हे कुणाचेच नेमून दिलेले काम नाही.

सामान्य माणसाला हे शिकवता येते का, असा एक रास्त प्रश्न आहे. डॉक्टरांची विद्या आईबापांच्या डोक्यावर ठेवू नये, असे अनेकांना वाटते. त्याचे उत्तर आपल्याच राज्यात, गडचिरोलीत मिळालेले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या गावांतल्या अल्पशिक्षित कार्यकर्त्यांना आणि सुईणींना बालकांतला न्यूमोनिया ओळखायला शिकवले. मोजणी कच्ची असलेल्यांनाही मिनिटाचे श्वास मोजता यावेत म्हणून मणी सरकवत मोजण्याचे साधे उपकरण तयार केले. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात, जिथे हे काम झाले त्या गावांतले न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आजही तितकाच साधा आहे: दोन महिने ते एक वर्ष वयात मिनिटाला ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे धोक्याची सूचना. मूल काहीच पीत नाही, घेतलेले सगळे ओकून टाकते, आकडी आली, निपचित पडले, पोट उडते आहे, या खुणा आपल्या आशाताई वाडीवस्तीवर जाऊन आयांना समजावतात. हिंजवडीतून म्युनिकला गेलेल्या अभियंता जोडप्याला मात्र हे कुणीच सांगितलेले नसते, कारण त्यांच्यासाठी कायम डॉक्टर होता. शिक्षण, पगार आणि इंग्रजी यांनी ही उणीव भरून निघत नाही.

आणि माहिती असूनही व्यवस्था ऐकत नसेल तर? इथे परदेशी सेवेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या रॉकहॅम्प्टनमध्ये २००७ साली रायन सॉन्डर्स हा जेमतेम तीन वर्षांचा होऊ घातलेला मुलगा स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गाने गेला. मुलाची अवस्था बिघडत असल्याचे आईबाप सांगत होते. त्यानंतर क्वीन्सलँडने २०१३ साली ‘रायन्स रूल’ आणला. रुग्णालयातल्या उत्तराने समाधान झाले नाही तर कुटुंबाने एका क्रमांकावर फोन करून स्वतंत्र वैद्यकीय फेरतपासणी मागायची, असा तो नियम. एप्रिल २०२१मध्ये पर्थला ऐश्वर्या अस्वथ ही सात वर्षांची मुलगी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जवळपास दोन तास थांबल्यानंतर सेप्सिसने दगावली. केरळमधून तिथे स्थायिक झालेले तिचे आईबाप त्या वेळात पुन्हा पुन्हा कर्मचाऱ्यांकडे जाऊन विनवत होते. तिथेही पुढे तिच्या नावाने पालकांसाठी अशीच फोनची सोय झाली. त्याच वर्षी लंडनमध्ये तेरा वर्षांची मार्था मिल्स सेप्सिसनेच गेली आणि २०२४पासून इंग्लंडच्या रुग्णालयांत ‘मार्थाज रूल’ हा तसाच नियम लागू होऊ लागला. या तीन मुलांचे मृत्यू वेगवेगळ्या वयांत आणि वेगवेगळ्या कारणसाखळ्यांतून झाले. तिघांच्याही आईबापांना काहीतरी भयंकर बिनसते आहे हे कळले होते, ते त्यांनी सांगितलेही होते, आणि त्या सांगण्याला पुरेसे वजन मिळाले नाही.

वर पुराव्याने ‘थांबा’ या सल्ल्याचे समर्थन केले आणि आता त्याच व्यवस्थेतले मृत्यू सांगितले, यात विसंगती दिसेल. माझ्या मते ती नाही. शंभरातल्या नव्व्याण्णव मुलांना घरी ठेवणे योग्य असते, म्हणूनच उरलेल्या एकाला शोधण्याची सोय धारदार हवी. आईबापांची काळजी ही या शोधातली खरीखुरी वैद्यकीय माहिती आहे. अ‍ॅन व्हान डेन ब्रुएल आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेल्या आढाव्यात, लहान मुलांच्या गंभीर संसर्गाच्या खुणांत पालकांची वेगळी वाटणारी काळजी आणि डॉक्टरच्या मनात पाल चुकचुकणे या दोन्ही गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. ‘याआधीच्या तापांत हे असे कधीच नव्हते’ हे वाक्य म्हणूनच महत्त्वाचे आहे, आणि ते आई किंवा बापच बोलू शकतो. पण मराठी मध्यमवर्गीय माणूस डॉक्टरांपुढे नमून बोलतो. ‘उगाच त्रास देतोय, पण जरा बघता का’ अशी सुरुवात आपल्याकडे सभ्यपणाची असते आणि डॉक्टर तिच्यामागची घालमेल ओळखतो. परक्या देशातली नर्स तीच सुरुवात ऐकते आणि तातडी नाही असे नोंदवते. दुसऱ्या टोकाला, आवाज चढवणाऱ्या पालकाची नोंद ‘घाबरलेला’ अशी होते. या दोहोंमध्ये उपयोगी पडते ते मोजके आणि ठाम बोलणे: काय बदलले, केव्हापासून, किती वेळा. आणि शेवटी, ‘मला गंभीर काळजी वाटते, याची नोंद करा आणि वरिष्ठांना दाखवा.’

भाषेचा प्रश्न इंग्रजी येणाऱ्यांना लागू नाही, असे मानले जाते. पण ग्लेन फ्लोरेस यांनी अमेरिकेत स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांच्या मुलांच्या तेरा तपासण्यांची ध्वनिमुद्रणे अभ्यासून २००३ साली जे छापले ते डोळे उघडणारे आहे. दर तपासणीत दुभाष्याच्या सरासरी ३१ चुका होत्या, निम्म्याहून अधिक चुकांचा उपचारावर परिणाम होऊ शकत होता, आणि हाताशी सापडलेल्या कुणालाही दुभाषी केले तर धोकादायक चुकांचे प्रमाण वाढत होते. आपल्या कुटुंबांत हा हाताशी सापडलेला दुभाषी म्हणजे बहुधा नवरा, तोही कार्यालयातून फोनवर. आणि दिवसभर मुलाजवळ असतात त्या नुकत्याच सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी, ज्यांनी मूल मलूल झाल्याचे सर्वांत आधी पाहिलेले असते पण ज्यांना कुणी विचारत नाही. इंग्लंडच्या सरकारी सेवेत दुभाषी मोफत मागता येतो. अमेरिकेत १९६४चा नागरी हक्क कायदा आणि २०१०चा आरोग्य कायदा सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयांवर भाषासहाय्याचे बंधन घालतात. ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय दुभाषी सेवा दीडशेहून अधिक भाषांत चालते. जर्मनीत मात्र दवाखान्यातल्या दुभाष्याचा खर्च सरकारी आरोग्यविमा उचलत नाही. २०२१च्या आघाडी सरकारने तसे आश्वासन दिले होते, ते सरकार पडले तरी प्रत्यक्षात आले नाही. जिथे सोय आहे तिथे मागायला संकोच वाटू नये: रात्री दोन वाजता, तान्हे रडत असताना, इंग्रजी उत्तम येणाऱ्या माणसालाही ‘धाप’ आणि ‘कण्हणे’ यांतला फरक परक्या भाषेत पटकन सांगता येत नाही.

व्यवस्था ऐकत नाही असे वाटले की माणूस दोन गोष्टींकडे वळतो: भारतातून आणलेली औषधे आणि भारतातला डॉक्टर. दुसरी गोष्ट धीर म्हणून समजण्यासारखी आहे, पण भारताच्या मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत देशाच्या हद्दीबाहेरच्या सल्ल्याचा समावेश नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चित्रफितीतून कुणालाही छाती तपासता येत नाही. पहिली गोष्ट अधिक धोक्याची आहे. पॅरासिटामॉलचेच बघा. दहा किलोच्या मुलाला एका वेळी साधारण १५० मिलिग्रॅम पुरते. भारतातल्या एका सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम असते, दुसऱ्यात २५०, आणि थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरलाच १००. ब्रिटनमधले लहान मुलांचे सिरप पाच मिलिलिटरला १२०, अमेरिकेतले १६०, आणि तिथे त्याचे नावही अ‍ॅसिटामिनोफेन. ब्रिटिश बाटलीवरचे ‘पाच मिलिलिटर, दिवसातून चारदा’ वाचून २५०च्या भारतीय सिरपमधून तेवढेच मोजले तर त्या मुलाच्या पोटात दिवसाला १००० मिलिग्रॅम जातात आणि कमाल मर्यादा ओलांडली जाते. त्यातच सर्दीच्या मिश्र सिरपमधले पॅरासिटामॉल वेगळे. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना द्यायला भारतातच २०११पासून बंदी आहे, पण जुन्या सवयीने ते अजूनही सामानात निघते. कोडीन असलेले खोकल्याचे औषध संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहे, तेव्हा तिथे प्रश्न कस्टम्सपाशीच सुरू होतो. आणि घरून दिलेले प्रतिजैविकाचे दोन डोस पुढे रुग्णालयातली रक्ततपासणी निकामी करू शकतात, हे कुणी सांगत नाही.

पैशाबद्दल थोडक्यातच. ब्रिटनमध्ये कामाच्या व्हिसावर येणाऱ्या प्रौढाला फेब्रुवारी २०२४पासून वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार आधीच भरावा लागतो. त्यामुळे सरकारी सेवा ‘फुकट घेतोय’ असे कुणी मनाला लावून घेण्याचे कारण नाही. नेदरलँड्समध्ये १८ वर्षांखालील मुलांना हप्ताही नाही आणि स्वतः भरायची रक्कमही नाही. खरा अडसर अमेरिकेत आहे. २०२४ साली तिथे नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता, त्यातले ६,२९६ कामगाराच्या पगारातून जात होते, आणि त्यानंतरही ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च खिशातून. १९८६च्या कायद्याने तातडीच्या विभागाला कुणालाही तपासून स्थिर करावेच लागते, २०२२पासून जाळ्याबाहेरच्या तातडीच्या उपचारांची अनपेक्षित बिलेही बहुतांशी रोखली गेली आहेत, तरी बिलाच्या भीतीने सोमवारपर्यंत थांबणारे आईबाप असतात. सुट्टीचेही तसेच. जर्मनीत सरकारी विम्यातल्या प्रत्येक पालकाला २०२४पासून दर मुलामागे वर्षाला १५ दिवस आजारी मुलासाठी भरपगारी नाही तरी बऱ्याच भरपाईची रजा मिळते. पण जादा पगारामुळे खासगी विमा घेतलेल्याला ती नाही, आणि आपले अनेक अभियंते सल्लागाराच्या शब्दावर तोच विमा घेऊन बसतात.

मग करायचे काय, आणि कुणी? तिथल्या सरकारांनी नवागत पालकांना नावनोंदणीच्या वेळीच धोक्याच्या खुणा त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे पहिले. डच फॅमिली डॉक्टरांच्या संघटनेचे ‘थाउसआर्ट्स’ हे उत्तम माहितीस्थळ मुळात डच भाषेत आहे, आणि जो डच वाचू शकतो त्याला त्याची गरज सर्वांत कमी असते. पण परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनीही गणपती-दिवाळीच्या बेतांबरोबर एक संध्याकाळ याला द्यावी. जिथे मंडळे आहेत तिथे मराठी डॉक्टर बहुधा असतातच, आणि श्वास कसे मोजायचे हे दाखवायला तासभर पुरतो. उरलेले काम निघण्यापूर्वी इथेच होऊ शकते. मुलाच्या बालरोगतज्ज्ञाकडून एक पानभर पत्र घ्यावे. त्यात सध्याचे वजन, औषधांची ब्रँडऐवजी मूळ नावे, अ‍ॅलर्जी, आधी आकडी आली होती का, आणि लसींच्या तारखा असाव्यात. सरकारी कार्यक्रमातली लस गोवर-रुबेला अशी दुहेरी असते आणि युरोप-अमेरिकेत गालगुंडासह तिहेरी, त्यामुळे कार्डावर नेमके काय टोचले ते वाचता आले पाहिजे. जर्मनीत मार्च २०२०पासून गोवराच्या लसीच्या पुराव्याशिवाय पाळणाघरात प्रवेश नाही.

सुट्टीवर येऊन परत जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट, जी सर्वांत जास्त वेळा राहून जाते. भारतात टायफॉइडची कॉन्जुगेट लस सहा महिन्यांपासून देता येते, तर अमेरिकेत मिळणारी टोचायची लस दोन वर्षांपुढेच चालते. म्हणजे एक-दीड वर्षाच्या मुलाला ती द्यायची तर पुण्या-मुंबईतच, आणि मुक्कामाच्या सुरुवातीला. परतल्यावर ताप आला तर ‘आम्ही भारतात जाऊन आलो’ हे फोनवरच्या पहिल्या मिनिटात यायला हवे, कारण नर्सच्या डोळ्यांसमोर हिवाळ्यातला विषाणू असतो आणि टायफॉइड, डेंग्यू, मलेरिया तिने आपण होऊन विचारले तर विचारले. यातला व्हायव्हॅक्स मलेरिया यकृतात दडून राहतो आणि काही महिन्यांनी डोके वर काढतो, म्हणून दिवाळीच्या मुक्कामाचा उल्लेख फेब्रुवारीतल्या तापातही करावा लागतो.